झेल्याने स्वतःलाच झेललं

त्या घरात भांडण पेटलंय हे बाहेरच्या माणसाला कधी कळत नसे, कारण तिथे भांडणात कुणी आवाज चढवत नसे. खूण निराळी होती. भांडण झालं की त्या घरातली माणसं एकमेकांना वस्तू हातात देऊ लागत.

एरवी असला प्रकार नव्हता. मीठ मागावं, तर मिठाची कुपी टेबलाच्या त्या टोकावरून उडत यायची आणि मागणारा तिसऱ्याशीच बोलता बोलता, मान न वळवता ती टिपायचा. चष्मे, किल्ल्या, उकडलेली अंडी, एकदा तर दात येत असलेली बेबी, सगळं हवेतूनच फिरायचं. चार पिढ्या यष्टिरक्षकांच्या आणि चार पिढ्या काचसामानाच्या दुकानाच्या. दोन्ही धंदे एकाच गुणावर उभे होते : हातातून काही सुटायचं नाही. वस्तू खाली ठेवता येते, हे त्या घरातल्या मुलांना शाळेत गेल्यावर कळे.

त्या सोमवारी दुकानाला साप्ताहिक सुट्टी होती. सगळे वरच्या मजल्यावर जेवायला बसले होते. झेल्या म्हणाला, "वहिनी, मीठ."

वहिनींनी कुपी उचलली. उठल्या. टेबलाला वळसा घालून आल्या आणि ती झेल्याच्या ताटाशेजारी ठेवली. चक्क ठेवली.

झेल्याने कुपीकडे बघितलं. "फेकायची होती की."

"नको भावोजी," वहिनी म्हणाल्या. "उगाच तुम्ही ती झेलाल."

जावयाने पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून बायकोला, म्हणजे वहिनींच्या लेकीला, दिला, बेबीने तो दोन्ही हातांनी घेतला, आणि म्हातारे अण्णा खुर्चीवर उकिडवे बसल्या बसल्या डोळे मिटून म्हणाले, "बुडालं. घराणं बुडालं."

(खुर्चीवर उकिडवं बसणं हीही घराण्याचीच सवय. चार पिढ्या स्टंपांमागे तसंच बसून त्या घरातल्या पुरुषांचे गुडघे दुसऱ्या कोणत्याही कोनात सुखी होत नसत. फोटोतही ते तसेच बसलेले आहेत. लग्नाच्या फोटोतसुद्धा.)

आता आदल्या दिवशी मैदानावर घडलं होतं ते असं.

शेवटची जोडी खेळत होती. जिंकायला दोन धावा हव्या होत्या. एका टोकाला क्लबचा कर्णधार, म्हणजे घरचाच जावई, शतकाच्या उंबरठ्यावर. दुसऱ्या टोकाला झेल्या. झेल्याने आयुष्यात काढलेल्या धावा एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या, बोटं मोजण्याजोगी सरळ राहिली असती तर. पण त्याला बॅटिंग जमते की नाही, हे त्या क्लबात आजवर कुणी विचारलंच नव्हतं. जेवण वाढणाऱ्याला कुणी गायला लावतं का? झेल्या स्टंपांमागे उभा असला की मैदानावरून पक्षी उडतानासुद्धा लांबून वळसा घालत.

त्याने डोळे मिटून बॅट फिरवली. बॅटची वरची कड लागली आणि चेंडू वर गेला. इतका वर, की तो खाली येईस्तोवर गोलंदाजाने बुटाची नाडी बांधून घेतली. समोरचे दोन क्षेत्ररक्षक खालून धावले. एक म्हणाला, "तुझा." दुसरा म्हणाला, "छे, तुझाच." दोघेही सुसंस्कृत घरचे. दोघेही थांबले. चेंडू दोघांच्या मधोमध, मऊ गवतावर, कुणाच्याही अध्यातमध्यात न येता पडणार होता. जावई पहिली धाव पूर्ण करून दुसरीसाठी वळला होता. सामना जिंकल्यात जमा होता.

आणि झेल्याला तो चेंडू पडताना दिसला.

पुढचं त्याने केलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. ते त्याच्या हातून झालं. बॅट एकीकडे उडाली, झेल्या दुसरीकडे. त्या दोन सुसंस्कृत माणसांच्या मधून त्याने अंग झोकून दिलं, गवतापासून बोटभर अंतरावर उजव्या हाताने चेंडू उचलला, दोन कोलांट्या खाल्ल्या, गुडघ्यांवर उभा राहिला आणि पंचांकडे तोंड करून त्वेषाने ओरडला, "हाऊज्झॅट!"

मैदानावर अशी शांतता पसरली, की स्टंपांवरच्या बेल्ससुद्धा अवघडल्या.

पंच होता थोरला. झेल्याचा सख्खा मोठा भाऊ, वहिनींचा नवरा. फलंदाजाने स्वतःच झेल घेऊन समोरच्यांचा घास पळवला तर तो बाद, हा नियम त्याला पाठ होता. त्याने डोळे मिटले, सख्ख्या रक्ताला मनोमन हात जोडले आणि बोट वर केलं.

एका धावेने हार. समोरच्या संघाने झेल्याला खांद्यावर घेऊन मैदानाची फेरी काढली, हे जास्त लागलं.

"तर माझं म्हणणं असं आहे," जावयाने आता ताट सरकवलं. आरशासमोर तयारी केलेलं भाषण होतं ते, केसांसकट. "मी काकांच्या विरुद्ध नाही. काकांबद्दल मला आदर आहे. पण अण्णा, जमाना बदलला. नुसता कीपर आता कुणी ठेवत नाही. आधी बॅटिंग, आणि उरल्या वेळात कीपिंग. सगळीकडे असंच चाललंय."

"उरल्या वेळात," अण्णा म्हणाले. "म्हणजे उद्या डॉक्टरनं आधी तबला शिकावा आणि उरल्या वेळात पोट फाडावं."

"तसं नाही हो. हिशेब बघा. मी ऐंशी धावा केल्या आणि मागे वीस सोडल्या, तरी साठ राहतातच ना?"

"आणि ज्याचा झेल सोडलास, तो दीडशे करून गेला म्हणजे?"

"ते गोलंदाजाच्या नावावर जातं," जावई प्रांजळपणे म्हणाला.

झेल्या ताटात बघत होता. आपल्याबद्दल चाललेलं बोलणं त्याला पावसाच्या अंदाजासारखं ऐकू येत होतं : खरं असेलही, पण आपण काय करणार? त्याला एवढंच कळत होतं, की जगात त्याला नीट उभं राहता येईल अशी जागा एकच होती, तीन दांड्यांच्या मागची. बँकेत गेला तर त्याला सही जमत नसे. समारंभात गेला तर हात कुठे ठेवावेत ते कळत नसे. स्टंपांमागे मात्र हात कुठे ठेवायचे ते हातांनाच ठाऊक असे. ती जागा गेली तर रविवारी आपण कुठे असायचं?

"अण्णा, तुम्ही बोला ना काहीतरी," तो म्हणाला.

"बोलतो की." अण्णांनी डोळे उघडले. "गाढवा, तो झेल डाव्या हाताचा होता."

"अण्णा!"

"चेंडू डावीकडे पडत होता आणि तू उजवा हात आडवा घातलास! अरे, तुझा पणजोबा स्टंपांच्या इतका जवळ उभा राहायचा, की त्याच्या श्वासानं बेल्स हलायच्या. पंचांनी त्याला ताकीद दिली होती, षटक संपेपर्यंत श्वास घ्यायचा नाही म्हणून. आणि त्यानं घेतला नाही! तुझ्या आजोबानं एकाला यष्टिचीत केलं ते इतक्या हळुवार हातानं, की त्या बिचाऱ्याला ते चहाच्या वेळी कळलं. तोवर तो तीन षटकं फुकट खेळला. आणि त्यांचा वंशज उजव्या हातानं डावीकडचा झेल घेतो, तोही चारचौघांत!"

"पण अण्णा," बेबी म्हणाली, "प्रश्न हात कुठला हा नाहीच आहे."

"मग दुसरा कुठला असतो?"

बेबीची पंचाईत झाली होती. नवऱ्याला ती रात्री शब्द देऊन बसली होती, की मी तुझ्या बाजूने बोलेन. जावयाने दुसऱ्या क्लबात जायचं सूतोवाच केलं होतं, आणि दुसरा क्लब म्हणजे दुसरं गाव, दुसरं घर. पण लहानपणी ती गच्चीच्या कठड्यावरून, जिन्यावरून, एकदा तर हलत्या झोपाळ्यावरून बेधडक मागे पडायची, कारण खाली काका असायचाच. पडणं म्हणजे लागणं, हे तिला मोठेपणी कळलं, आणि त्याचा तिला अजून राग होता.

"काका," ती म्हणाली, "तू फक्त एवढं म्हण ना, की पुन्हा असं होणार नाही."

झेल्याने प्रामाणिकपणे विचार केला. "कसं म्हणू गं? चेंडू पडत असला तर?"

"पडू द्यायचा!" जावई ओरडला. "आपलाच असतो तो!"

"पडताना कुणाचा ते कळत नाही हो," झेल्या म्हणाला.

वहिनींनी कपाळाला हात लावला. त्यांचा कौल जावयाच्या बाजूने होता आणि कारण साधं होतं : लेक गावातच राहायला हवी. पण आणखीही एक कारण होतं, ते त्या कुणाला सांगत नव्हत्या. या घरात सून म्हणून आल्या त्या दिवशी सासरच्यांनी त्यांच्याकडे पहिली वस्तू फेकली ती फुलदाणी होती. त्यांनी ती झेलली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तेव्हापासून आजवर त्यांना एकदाही दुपारी स्वस्थ झोप लागली नव्हती. न जाणो, काय कुठून येईल. घरात एखादा तरी माणूस वस्तू सोडणारा असावा, असं त्यांना फार दिवस वाटत होतं. जावई त्यांना त्या दृष्टीने आश्वासक वाटत होता.

"मामंजी, द्या की कीपिंगचे हातमोजे जावईबापूंना," त्या म्हणाल्या. "नाहीतरी भावोजींचे गुडघे आता कुरकुरतात."

"ते कौतुकानं कुरकुरतात," झेल्या म्हणाला.

"अहो, तुम्ही तरी सांगा ना काही," वहिनींनी नवऱ्याकडे मोर्चा वळवला.

थोरला दचकला. भावाला बाद दिल्यापासून तो भिंतीला चिकटून चालत होता. लहानपणी त्याचेही हात झेल्याइतकेच पक्के होते. पण झेल घेतल्यावर ओरडायची त्याला लाज वाटे, म्हणून तो पंच झाला. त्या घराण्यात तर्जनी सरळ राहिलेला तो एकटाच पुरुष. घरच्यांना त्या बोटाचा अभिमान होता. कालपर्यंत.

"मला विचारल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही," थोरला म्हणाला.

"विचारतेच आहे की!"

"तसं नाही. अपील हवं."

अण्णांनी टेबलावर थाप मारली. मिठाची कुपी उडाली. पाच हात एकदम पुढे आले आणि पाचही, भांडण आठवून, मागे गेले. कुपी अण्णांनीच झेलली.

"ठरलं," ते म्हणाले. "बोलून कीपर ठरत नाही. माळ्यावर नवा माल आलाय. तो उतरवायचा. जावई खाली उभा राहील. एकही भांडं फुटलं नाही, तर हातमोजे त्याचे. फुटलं, तर पुन्हा या घरात तो विषय नको."

कर्णधाराला घाबरून चालत नाही. "मंजूर," तो म्हणाला.

त्या दुकानात माल कसा उतरवत, हे पाहिल्याशिवाय पटायचं नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत छताखाली लाकडी माळा होता, त्यावर पेंढ्यात गुंडाळलेली खोकी. शिडी होती, पण ती फक्त माणसांसाठी. भांडी हवेतून येत. थोरला माळ्यावरून एकेक बशी सोडायचा, झेल्या खाली उकिडवा बसून ती घ्यायचा आणि न बघता वहिनींकडे सरकवायचा, आणि वहिनी ती मांडणीवर लावायच्या. अख्खं खोकं असं उतरे, की शेजारच्या शिंप्याला वाटे दुकान बंद आहे. भल्या यष्टिरक्षकाची हीच तर खूण. चांगली शिलाई नि चांगला कीपर, दिसला म्हणजे कुठेतरी उसवलंय.

झेल्या कोपऱ्यात उभा राहिला.

"याचे हात बांधा," अण्णा म्हणाले.

"कशाला? मी मध्ये पडणार नाही," झेल्या म्हणाला. "फुटलेलं माझ्या फायद्याचंच आहे ना? मी काय वेडा आहे?"

वहिनींनी खोक्याची सुतळी घेतली आणि दिराचे हात पाठीमागे करकचून बांधले. बांधताना त्या पुटपुटल्या, "फार घट्ट नाही ना झालं?" आणि उत्तराची वाट न बघता आणखी एक गाठ मारली.

"मांडा," अण्णा म्हणाले.

जावई खाली उभा राहिला. त्याने बॅटिंगसारखा पवित्रा घेतला होता, डावा खांदा पुढे.

"बस," अण्णा म्हणाले.

"उभ्यानं जमतं मला."

"बस म्हणतो ना! आणि बशीवर झडप नको घालूस. ती काय चोर आहे? तिला येऊ दे. ती आली की तिच्याबरोबर हात थोडे मागे ने. पाहुण्याला दारापर्यंत घ्यायला जातो आणि मग त्याच्याबरोबरच आत येतो, तसं."

पहिली बशी आली. जावयाने ती छातीशी कवटाळली. दुसरी कोपरात धरली. तिसरी त्याच्या डोक्यावर बसली आणि कशी कोण जाणे, तिथेच राहिली. पण फुटली एकही नाही. दहापंधरा बशांनंतर त्याला रंग चढला. खोटं कशाला बोला, गडी तरबेज होता. नजर तीक्ष्ण, पाय चपळ. पेले आले, वाडगे आले. तो हसायला लागला. एका कपाकडे तर त्याने बेबीकडे बघत हात नेला.

माळ्यावर थोरला घामाघूम झाला होता. त्याच्या मनात पाप होतं. एकच बशी जराशी वाकडी सोडली की भावाची जागा वाचत होती. पण पंचाचा हात; वाकडं जाईना. प्रत्येक भांडं तो पोटच्या पोरासारखं नेमकं सोडत होता आणि स्वतःला शिव्या घालत होता.

"आता शेवटचं," तो वरून म्हणाला. "मोठा वाडगा. झाकणाचा."

वहिनी मांडणीपासून वळल्या. तो वाडगा त्यांनी विकायला मागवलाच नव्हता. निळ्या वेलींचा, पांढरा शुभ्र, टरबुजाएवढा, वर झाकण आणि झाकणावर चोच उघडलेला पक्षी. तो त्यांना स्वतःसाठी हवा होता. आयुष्यात एक तरी वस्तू अशी असावी, जी कुणी कुणाकडे फेकणार नाही.

"अहो, थांबा! तो हातात..." त्या ओरडल्या. पण वाडगा निघाला होता.

जावयाने दोन्ही हात पसरले. वाडगा आला, बोटांना लागला, आणि तेवढ्यात झाकण निराळं झालं. जावयाने एक क्षण वाडग्याकडे बघितलं, एक क्षण झाकणाकडे, आणि दोन्हींकडे बघणाऱ्याचं जे होतं तेच झालं. वाडगा बोटांवरून निसटून डावीकडे गेला, झाकण उजवीकडे.

कोपऱ्यातून काहीतरी सपकन गेलं.

बघणाऱ्यांनी नंतर वेगवेगळं सांगितलं. शिंप्याने तर खिडकीतून बघितल्याचं शपथेवर सांगितलं, की झेल्या मधे दोनदा दिशा बदलून गेला. खरं एवढंच, की धूळ खाली बसली तेव्हा झेल्या फरशीवर उताणा होता. हात पाठीखाली बांधलेले. निळ्या वेलींचा वाडगा दोन्ही गुडघ्यांत. झाकण हनुवटी आणि छातीच्या मधे, पक्ष्याची चोच त्याच्या नाकात.

आणि त्या स्थितीत, घुसमटलेल्या आवाजात, तो ओरडला, "हाऊज्झॅट!"

मग बेबी खाली बसली आणि डोळे पुसत म्हणाली, "काका, अरे, का रे?"

झेल्याने विचार केला. त्याच्या हळूहळू लक्षात आलं. "फुटलं नाही का?"

"नाही."

"एकही?"

"एकही नाही."

"अरे देवा," झेल्या म्हणाला.

अण्णांनी मान खाली घातली. शब्द तो शब्द. ते उठले, आतल्या खुंटीवरचे हातमोजे घेऊन आले. चार पिढ्यांच्या घामाने ते इतके कडक झाले होते, की काढून ठेवले तरी टाळ्या वाजवायच्या तयारीत असल्यासारखे दिसत. त्यांनी ते जावयापुढे धरले. हातात.

वहिनी मात्र मध्ये आल्या. त्यांनी गुडघे टेकून दिराच्या गुडघ्यांतून वाडगा सोडवला, झाकण काढलं, पदराने पुसलं आणि वाडगा पोटाशी धरून म्हणाल्या, "मामंजी, देऊ नका."

"आत्ता जेवताना तूच म्हणत होतीस."

"जेवताना माझा वाडगा पडत नव्हता."

"शब्द गेला, सूनबाई."

जावयाने हातमोजे चढवले. म्हणजे चढवायचा प्रयत्न केला. त्याची बोटं सरळ होती; मोजे वाकडे होते.

"बसत नाहीत," तो म्हणाला.

"बसतील," अण्णा म्हणाले. "मोजे नाही बदलत, बोटं बदलतात. दोन हंगाम थांब." त्यांनी आपले हात पुढे केले. आल्याचे दोन गड्डे बघावेत तसे ते होते. "ही करंगळी एका डावखुऱ्यानं नेली. बाहेर जाणारा चेंडू म्हणता म्हणता आत आला. हे मधलं बोट बघ, दोनदा मोडलं. पहिल्यांदा पूर्वेकडे, दुसऱ्यांदा पश्चिमेकडे, म्हणून तसं सरळ दिसतं. हा अंगठा माझा नाहीच."

"म्हणजे?"

"म्हणजे माझा वाटत नाही. रात्री कधीतरी मला हाक मारतो. थंडीत सगळी एकदम बोलतात. पण सवय होते. पेन धरता येत नाही, बटणं सून लावून देते, बॅट मात्र..."

"बॅट मात्र काय?" जावयाचा आवाज चिरकला.

"बॅट कशाला हवी तुला आता? कीपर ना तू?"

जावयाने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. लांब, सरळ, देखणी बोटं. याच बोटांनी काढलेल्या कव्हर ड्राइव्हवर बेबी भाळली होती. बेबीही त्या क्षणी तिकडेच बघत होती, हे त्याच्या लक्षात आलं. हिशेबातला एक आकडा आपण धरलाच नव्हता, असं त्याला जाणवलं. त्याने घसा खाकरला.

"कर्णधार म्हणून संघाच्या हिताचा विचार करता," तो म्हणाला, "काकांचा अनुभव वाया घालवणं योग्य होणार नाही. मी माघार घेतो. काका, घ्या."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. बेबी काकाच्या सुतळीची गाठ सोडू लागली.

"नाही," झेल्या फरशीवरूनच म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"अण्णांनी अट घातली, तुम्ही जिंकलात. आऊट म्हणजे आऊट. मी काय दिलेला निर्णय फिरवून घेणारा माणूस आहे?"

"काका, मी स्वखुशीनं देतोय!"

"खुशीनं दिलेली विकेट मी घेत नाही."

"काका, पाया पडतो."

"खेळात नाती नसतात, जावईबापू."

बेबीने समजावलं. वहिनींनी डोळे वटारले. अण्णांनी शब्द मागे घ्यायची तयारी दाखवली, तर झेल्या म्हणाला, घराण्याचा शब्द आहे, एकट्या अण्णांचा नाही. ज्या जागेपायी त्याला सकाळपासून घास गिळवत नव्हता, ती जागा चौघं मिळून त्याच्या गळ्यात घालत होते आणि तो तत्त्वासाठी मान वळवत होता. मान काही सरळ होईना. जावयाने मोज्यांतून हात बाहेर ओढायला सुरुवात केली, तर डाव्याचा अंगठा आत अडकून बसला.

"एक मिनिट," वरून आवाज आला.

थोरला अजून माळ्यावरच होता. त्याच्या केसांत पेंढा होता आणि चेहऱ्यावर, कित्येक वर्षांत कुणी न पाहिलेला, खट्याळपणा.

"एक अपील झालं होतं," तो म्हणाला. "त्यावर अजून निर्णय दिलेला नाही."

"कुठलं अपील?"

"यानं वाडगा झेलला आणि माझ्याकडे बघून ओरडला. तुम्ही सगळे रडण्याबोलण्यात गुंतलात. पण पंचाला उत्तर द्यावं लागतं." त्याने माळ्याच्या कडेवर पाय जुळवले, पोट आत घेतलं, कल्पनेतली टोपी सारखी केली. "वाडगा प्रथम जावईबापूंच्या बोटांना लागला. मग हवेत गेला. जमिनीला टेकण्याआधी यष्टिरक्षकानं टिपला. गुडघ्यांत टिपला, पण टिपला. फुटला नाही तो जावईबापूंनी धरला म्हणून नव्हे. सबब," आणि ते घराण्यातलं एकमेव सरळ बोट छताला टेकेपर्यंत वर गेलं, "फलंदाज झेलबाद."

अण्णांच्या तोंडून नुसतं "अहाहा" एवढंच निघालं.

झेल्याने मान उचलली. "म्हणजे दादा, मी..."

"मी फक्त आऊट देतो. बाकी तुम्ही बघा."

आता जावयाचं काम एवढंच होतं, की गप्प बसायचं. मनासारखं झालं होतं. बोटं वाचली होती, बायको हसत होती, सासूबाई वाडगा कुरवाळत होत्या. पण जातिवंत फलंदाजाला आऊट दिलं की त्याच्या आतून जे उसळतं, त्यापुढे त्याची स्वतःची अक्कलही उभी राहू शकत नाही.

"लागलाच नव्हता!" तो तावातावाने ओरडला.

"काय?"

"वाडगा! माझ्या बोटांना लागलाच नव्हता! स्पष्ट अंतर होतं मधे! हा काय निर्णय आहे? घरचा पंच आहे म्हणून काहीही?"

"अरे, गप," बेबी दात आवळून म्हणाली.

"का गप? अन्याय म्हणजे अन्याय! मी आयुष्यात कधी..."

"लागला नव्हता म्हणतोस?" अण्णांनी विचारलं. फार गोड आवाजात विचारलं. "मग खरंच आऊट नाहीस तू. मग मोजे तुझेच. सूनबाई, तो अडकलेला अंगठा जरा आत ढकल."

जावई उभा होता, तोंड उघडं, एका हातात मोजा. एकीकडे त्याची दहा बोटं होती आणि दुसरीकडे जगातल्या यच्चयावत फलंदाजांची इज्जत, ज्यांनी बॅटला चेंडू लागल्याचा ठणठणीत आवाज गावाने ऐकला तरी कधी मान्य केलं नव्हतं. त्याने माळ्याकडे पाहिलं; बोट अजून वरच होतं. त्याने अण्णांच्या अंगठ्याकडे पाहिलं. तो त्याला काहीतरी सांगत असल्यासारखा वाटला.

"लागला होता," तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं."

"लागला होता, अण्णा. चांगलाच लागला होता."

त्याने मोजा ओढून काढला, खोक्यावर ठेवला, आणि कुणी जा म्हणायच्या आधी वळून दाराकडे चालू लागला, मान खाली, पावलं जड, सवयीने हात काखेतली बॅट चाचपत.

मोकळे झालेले हात चोळत झेल्या उठून बसला. मोजे त्याच्याजवळच पडले होते, पण त्यांना हात लावण्याआधी त्याने, बाद होऊन जाणाऱ्या पाहुण्याला चांगला यष्टिरक्षक म्हणतो तेच, अगदी मनापासून म्हटलं.

"छान खेळलात हो."